बारा मिनिटं, चौतीस स्लाइड आणि मी

घाटमाथा | सोमवार, रात्री १०.४०

एरवी मी वाचनमात्र असते, आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

पुढच्या महिन्यात हैदराबादला एका राष्ट्रीय परिषदेत माझा पेपर आहे. मी जिओटेक्निकल इंजिनियर, म्हणजे माती-खडकवाली. घरी सांगितलं की "म्हणजे सिव्हिलच ना?" असं येतं. विषय कोकणातल्या घाटरस्त्यांचे कापलेले उतार. वरच्या जांभ्यातून पाणी कसं मुरतं, खालच्या चिकणमातीत पाण्याचा दाब कसा वाढतो आणि उतार कधी घसरतो. दोन पावसाळे उतारांवर यंत्रं लावून, पायाच्या जळवा काढत डेटा गोळा केलाय.

वेळ बारा मिनिटं, वर तीन मिनिटं प्रश्नांना. माझ्या स्लाइड झाल्यात चौतीस. आमचे सर म्हणतात एकही काढू नकोस, मेहनत दिसली पाहिजे. काल आरशासमोर बोलून पाहिलं तर सव्वीस मिनिटं लागली आणि विसाव्या मिनिटाला मलाच जांभई आली.

त्यात मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. इंग्रजी लिहायला ठीक जमतं, पण उभं राहून बोलताना क्रियापद सापडेपर्यंत कर्ता निघून गेलेला असतो. पाठ करू? बघून वाचू? आणि मुळात चांगलं प्रेझेंटेशन म्हणजे नक्की काय? तुम्ही लोक कसं करता?

---

तिरकस | सोमवार, रात्री १०.५२

मी पयला!

बारा मिनिटांत चौतीस म्हणजे एकवीस सेकंदाला एक. याला प्रेझेंटेशन नाही, खिडकीतून दिसणारी स्टेशनं म्हणतात.

---

म्युनिकची_मावशी | सोमवार, रात्री ११.१५

हसू नकोस तिरकस, जगात असा प्रकार खरंच आहे. पेचाकुचा नावाचा. २००३ साली टोकियोत दोन वास्तुविशारदांनी सुरू केला. वीस चित्रं, प्रत्येकाला वीस सेकंद, चित्र आपोआप पुढे सरकणार. सहा मिनिटं चाळीस सेकंदांत खेळ खलास. वास्तुविशारद बोलायला लागले की थांबत नाहीत म्हणून ही युक्ती काढली म्हणे. पण त्यात चित्रं असतात, बारा ओळींचा मजकूर नसतो.

घाटमाथा, माझा साधा हिशोब मिनिटाला एक. बारा मिनिटांना बाराच्या वर जाऊ नकोस, दहा असतील तर उत्तम. उरलेल्या फेकायच्या नाहीत. "आभार" च्या पाटीमागे रांगेने ठेवून द्यायच्या. कोणी प्रश्न विचारला की तिथली नेमकी काढून दाखवायची. लोकांना वाटतं, बाई काय तयारीने आल्यात! सरांनाही सांगता येईल की एकही काढलेली नाही.

---

डॉ_भूलभुलैया | मंगळवार, सकाळी ६.५०

मी भूलतज्ज्ञ. माझा पहिला पेपर जेवणानंतरच्या पहिल्या सत्रात होता. दिवे मंद, एसी गार, पोटात गुलाबजाम. औषधाचा एक थेंबही न वापरता मी साठ-सत्तर माणसं झोपवली. अध्यक्षांसकट.

तेव्हा मी काय केलं होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. एक्सेलमधला चौदा रकान्यांचा तक्ता जसाच्या तसा उचलून चिकटवला आणि वर म्हणालो, "मागच्यांना कदाचित नीट दिसणार नाही, पण..." पुढच्या रांगेतल्या एक ज्येष्ठ बाई चहाच्या वेळी म्हणाल्या, "अरे, दिसणार नाही हे तुला घरी बसूनच माहीत होतं, मग इथवर आणलास कशाला?" त्या दिवसापासून नियम केला: जी स्लाइड दाखवताना तोंडात "सॉरी" येणार असेल ती काढायची.

आमच्याकडे निम्मे श्रोते मेडिकल कौन्सिलच्या क्रेडिट पॉइंटसाठी आलेले असतात, हे धरूनच चालावं. त्यांच्यावर राग धरू नये. आपणही दुसऱ्याच्या सत्रात तसेच बसतो.

---

खडूफळा | मंगळवार, सकाळी ९.२०

बाळ घाटमाथा, स्लाइड मोजायचं नंतर बघू. बत्तीस वर्षं इंजिनियरिंगच्या पोरांना शिकवलं, त्यांच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षा घेतल्या. एकच प्रश्न विचारायचो आणि पोरं घामाघूम व्हायची: तुला काय सापडलं, ते एका वाक्यात सांग. "आम्ही अमुकचा अभ्यास केला" हे उत्तर चालणार नाही. अभ्यास केलास हे दिसतंच आहे. सापडलं काय?

घरातल्या कुणाला तरी फोन करून सांगून बघ आणि इथे लिही.

---

घाटमाथा | मंगळवार, दुपारी १.३५

सर, प्रयत्न करते: "जांभ्याचं आवरण असलेल्या कापलेल्या उतारांमध्ये पावसाची तीव्रता आणि खालच्या थरातल्या पाण्याच्या दाबातली वाढ यांत कालांतर आढळतं आणि ते थरांच्या जाडीवर व पारगम्यतेवर अवलंबून असतं."

---

तिरकस | मंगळवार, दुपारी १.३८

हे वाक्य ऐकून उतार स्वतःहून खाली येईल.

---

नागपुरी_संत्रं | मंगळवार, दुपारी २.०५

काहून छळता बा तिले! बरोबरच आहे वाक्य, फक्त मानसाले समजत नाही इतकंच.

---

घाटमाथा | मंगळवार, रात्री ९.१०

खडूफळा सर म्हणाले तसं खरंच केलं. माझा मामेभाऊ सीझनला आंब्याचा टेम्पो घाटातून चालवतो, त्याला फोन लावला. पाच मिनिटं समजावलं: पाऊस पडतो तेव्हा पाणी वरच्या दगडातच असतं, हळूहळू खाली झिरपतं, खालची माती उशिरा फुगते, त्यामुळे दरड कधी कधी पाऊस थांबल्यावर येते. तो म्हणाला, "एवढं फिरवून काय सांगतेस! म्हणजे पाऊस उघडला म्हणून लगेच घाटात गाडी घालायची नाही, असंच ना? मग चहा पीत किती वेळ बसायचं तेवढं सांग."

मी फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. दोन पावसाळे घातले ते याच वाक्यासाठी की हो. माझ्या चौतीस स्लाइडमध्ये ते कुठेच नाही.

---

खडूफळा | मंगळवार, रात्री ९.३०

आलं की नाही! पाऊस थांबला म्हणून रस्ता उघडू नका. हा तुझा अभंग. कीर्तनकार बघ, सुरुवातीला अभंग घेतो, मग पूर्वरंगात त्याचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी फिरून त्याच अभंगावर येतो. श्रोता घरी जाताना चाल गुणगुणत जातो. मध्ये बुवांनी किती दाखले दिले ते त्याला आठवत नाही आणि आठवण्याची गरजही नसते.

तुझी दोन पावसाळ्यांची यंत्रं हे आख्यान. त्यातही सगळे उतार सांगायचे नाहीत. एकच उतार घे, एकाच रात्रीचा पाऊस घे, आणि तासातासाला काय झालं ते दाखव.

---

पंढरीची_वाट | मंगळवार, रात्री १०.१५

अवांतर दुरुस्ती: पूर्वरंग-उत्तररंग ही नारदीय कीर्तनाची रचना. वारकरी कीर्तनात अशी विभागणी नसते, एकाच अभंगाचं चरणाचरणाने निरूपण चालतं. टाळकरी मागे उभे असतात, बुवा अडले की ते सावरून घेतात.

---

तिरकस | मंगळवार, रात्री १०.१८

कॉन्फरन्समध्ये टाळकरी म्हणजे सहलेखक. पेपरवर सहा नावं असतात, अडलं की सहाही जण मोबाइलमध्ये बघतात.

---

बेळगावकर | मंगळवार, रात्री १०.४०

खडूफळा सरांना मान देऊन विरोध नोंदवतो. कीर्तनाला दोन-अडीच तास असतात आणि समोर श्रद्धेने आलेली माणसं असतात. इथे समोर तिच्याच क्षेत्रातले लोक बसणार आहेत. त्यांना "रस्ता उघडू नका" असं घोषवाक्य ऐकवलं तर पहिला प्रश्न येणार, कशावरून? किती उतार, किती नोंदी, यंत्रं कुठली? तज्ज्ञांपुढे सोपं करून सांगण्याच्या नादात हलकं होऊन जातं. मी स्वतः पंप-व्हॉल्व्हच्या धंद्यातला. आमच्या परिषदेत कोणी गोष्ट सांगायला लागला की लोक घड्याळ बघतात.

---

म्युनिकची_मावशी | बुधवार, पहाटे २.१०

बेळगावकर, "कशावरून" हा प्रश्न यावा म्हणूनच तर दावा आधी मांडायचा! दावाच केला नाही तर कशावरून विचारणार कोण? आमच्याकडे एक पद्धत चांगलीच रुळली आहे, पेन स्टेट विद्यापीठातल्या मायकल ॲली यांनी ती पुढे आणली. स्लाइडच्या माथ्यावर "निष्कर्ष" किंवा "नोंदी" असला एक शब्द लिहायचा नाही. पूर्ण वाक्य लिहायचं, आणि त्याखाली ठिपक्यांच्या ओळींऐवजी ते वाक्य सिद्ध करणारा आलेख किंवा चित्र. म्हणजे "पर्जन्यमान व दाब" नाही, तर "पाऊस थांबल्यानंतरही दाब वाढत राहिला". डुलकी लागलेला माणूस मध्येच जागा झाला तरी माथा वाचून गाडी पकडतो.

आणि आलेख आला की आधी अक्ष सांग. "आडव्या अक्षावर तास आहेत, उभ्यावर दाब, निळी रेघ म्हणजे पाऊस." हे बोलायला दहा सेकंद लागतात. आपण वर्षभर तो आलेख बघत असतो, समोरचा पहिल्यांदा बघतोय हे कायम विसरायला होतं.

---

उपग्रह | बुधवार, सकाळी ८.३०

माथ्यावर काय लिहिता यावर किती अवलंबून असतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण नासाच्या कोलंबिया अवकाशयानाचं. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण होताना बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधून स्लाइडवर मांडला. माहिती कशी मांडावी याचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी नंतर त्यातल्या एका स्लाइडची चिरफाड केली. माथा वाचून वाटतं काळजीचं कारण नाही. खाली ठिपक्यांखाली ठिपके, अक्षर लहान लहान होत गेलेलं, आणि अगदी तळाशी खरी गोष्ट: हा तुकडा १९२० घन इंचांचा, आणि ज्या चाचणीच्या आधारावर अंदाज बांधला त्यातला ३ घन इंचांचा. सहाशे चाळीस पट! १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले. चौकशी मंडळाने अहवालात तांत्रिक टिपणांऐवजी पॉवरपॉइंट वापरण्याच्या सवयीवर थेट बोट ठेवलं.

तेव्हा घाटमाथा, सगळ्यात महत्त्वाची ओळ तळाला नको.

---

बेळगावकर | बुधवार, सकाळी ९.०५

उदाहरण अंगावर येतं, पण सगळा दोष स्लाइडच्या माथी मारायला मी तयार नाही. नासातल्या ज्या वरिष्ठांना यान वर असताना पंखाचे फोटो मागवायचे नव्हते त्यांनी मागवले नाहीत. तीच माहिती सुबक टिपणात दिली असती तरी वाचणाऱ्याची इच्छा हवीच ना? उलट मला यातून दिसतं की गंभीर मजकूर स्लाइडवर मावतच नाही. तो पेपरात नीट लिहा. भाषण म्हणजे लोकांनी पेपर उघडावा यासाठीची जाहिरात.

---

उपग्रह | बुधवार, सकाळी ९.२०

"जाहिरात" शब्द सोडला तर सहमत. म्हणजे तुम्ही खडूफळा सरांच्याच बाजूला आलात, मागच्या दाराने.

---

माइकटेस्टिंग | बुधवार, रात्री ११.५०

मी पडद्यामागचा माणूस. पुण्यात चौदा वर्षं परिषदांचं साउंड आणि प्रोजेक्शन बघतोय. तुमची सगळी विद्वत्ता वाचली, आता जमिनीवरचं ऐका.

ताई, पहिलं म्हणजे तुम्हाला बारा मिनिटं मिळणार नाहीत. सकाळी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, मग पाहुणे "मी दोनच मिनिटं घेईन" म्हणून अर्धा तास बोलतात. तो उशीर शेवटी तुमच्या ताटातून कापतात. आठ मिनिटांचा बेत खिशात ठेवाच. अध्यक्ष चिठ्ठी देतात तेव्हा लोक काय करतात माहितीये? भराभर बटण दाबत पंधरा स्लाइड पळवतात, जणू कोणी मागे लागलंय. तसं नका करू. कीबोर्डवर स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मारा, थेट तिथे उडी. नंबर कागदावर लिहून ठेवा. आणि बी दाबलं की पडदा काळा होतो. कुठे अडकलात, किंवा लोकांनी तुमच्याकडे बघावं असं वाटलं, तर तेवढं करा. सगळे दचकून वर बघतात, हमखास.

दुसरं. हल्ली मोठ्या हॉलमध्ये एलईडी भिंत असते. तिच्यावर लेझर पॉइंटर जवळपास दिसतच नाही. लोक हवेत हात फिरवत "हा जो भाग आहे" म्हणत राहतात आणि हॉलभर कोणाला कळत नाही कुठला. बाण स्लाइडवरच काढून आणा.

तिसरं, हे बायकांना कोणी सांगत नाही. कॉलर माइकची डबी कमरेला किंवा खिशात अडकवावी लागते. साडीत कशीतरी खोचता येते, खिसा नसलेल्या कुर्त्यावर आमची आणि तुमची दोघांची पंचाईत. आणि मंगळसूत्र किंवा ओढणी माइकला घासली की हॉलमध्ये खरखर. आम्हाला बोलताही येत नाही, तुम्हाला ऐकूही येत नाही. शक्य असेल तर हातातला माइक घ्या. मग दुसऱ्या हातात क्लिकर, आणि कागद पोडियमवर.

चौथं, चहाच्या सुट्टीत येऊन फाइल माझ्या लॅपटॉपवर चालवून बघा. चौदा वर्षांत असे किती आले ते बोटांवर मोजेन. बाकीचे नाव पुकारल्यावर पेनड्राइव्ह शोधतात, आणि त्यात "फायनल", "फायनल नवीन", "फायनल सरांनी पाहिलेली" अशा तीन फाइली असतात.

---

सुगरण_चिमणी | गुरुवार, सकाळी ७.१५

माइकटेस्टिंग दादा, साष्टांग नमस्कार! त्या डबीवरून मी एकदा स्टेजमागच्या पडद्याआड दहा मिनिटं झटापट केली आहे. खिसे नसलेले कपडे शिवणाऱ्यांवर वेगळा धागा काढायला हवा.

---

अक्षरजुळणी | गुरुवार, सकाळी १०.४५

फाइलवरून आठवलं. कुणाला मराठीतून सादरीकरण करायचं असेल तर (मराठी विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात वगैरे ती संधी मिळते) मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात केलेलं दुसऱ्या संगणकावर उघडलं की पडद्यावर चिन्हांची भेळ. एका वक्त्याचं "प्रास्ताविक" असं काही उमटलं होतं की लोकांना ते रासायनिक सूत्र वाटलं. सोबत पीडीएफ ठेवाच, फॉन्ट त्यात बंद होऊन जातो. आणि जमलं तर मराठी वळणाचा ल आणि श असलेला फॉन्ट निवडा. २००९ च्या शासन निर्णयात त्यांची वळणं ठरवून दिलेली आहेत, तरी सगळीकडे हिंदी वळणाचेच दिसतात.

मुक्तासारखे फॉन्ट फुकट मिळतात, मुंबईतच घडलेले आहेत. लांबूनही छान वाचता येतात.

---

तिरकस | गुरुवार, सकाळी १०.५८

फॉन्टवर फार जाऊ नका. ४ जुलै २०१२ ला सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं जाहीर झालं तेव्हा शास्त्रज्ञ फॅबिओला जियानोत्तींच्या स्लाइड कॉमिक सॅन्स या पोरकट वळणाच्या फॉन्टात होत्या. इंटरनेट हसलं, पुढच्या वर्षी हिग्जना नोबेल मिळालं. कण सापडला असेल तर अक्षर कसंही चालतं.

---

अक्षरजुळणी | गुरुवार, सकाळी ११.०२

तुम्हाला सापडलाय का कण?

---

तिरकस | गुरुवार, सकाळी ११.०३

पोह्यात. खडा निघाला.

---

सह्याद्री_७७ | गुरुवार, दुपारी ४.२०

मी मार्केटिंगवाला. ताई, सुरुवात दणक्यात हवी. पहिल्या स्लाइडवर माळीणचा फोटो टाका, तीन सेकंद काही बोलू नका. हॉल सुन्न होतो की नाही बघा.

---

घोडनदी | गुरुवार, संध्याकाळी ६.००

सह्याद्री, माझं आजोळ आंबेगाव तालुक्यात, माळीणपासून फार लांब नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी नेहमीची एसटी गेली तेव्हा चालकाला गाव जागेवर दिसलंच नाही. दीडशेच्या वर माणसं गाडली गेली होती. तो चिखल मी पाहिलाय. लोकांनी जागं राहावं म्हणून तो फोटो नका वापरू. कामाचा भाग असेल तर जरूर दाखवा, पण दणका म्हणून नको.

---

सह्याद्री_७७ | गुरुवार, संध्याकाळी ६.२५

घोडनदी, मनापासून माफी. असा विचार केला नव्हता.

---

घाटमाथा | गुरुवार, रात्री ९.४५

घोडनदी, तुमचं पटलं, आणि तांत्रिक दृष्टीनेही मी ते करणार नव्हते. माळीणचा नैसर्गिक डोंगरउतार, माझे रस्त्यासाठी कापलेले उतार. थर वेगळे, कारणं वेगळी. त्यांचं दुःख माझ्या आलेखाला चिकटवणं खोटेपणा होईल.

बाकी प्रगती अशी: स्लाइड अकरा. सरांना "आभारामागे ठेवल्यात" सांगितलं तर चक्क हो म्हणाले. इंग्रजीचं मात्र अजून तसंच. पाठ करतेय, पण एक शब्द सुटला की पुढचा डबाच घसरतो.

---

मोडीवाचक | गुरुवार, रात्री १०.३०

आमच्या इतिहासवाल्यांकडे या. आम्ही सरळ कागद वाचतो, कोणी नाक मुरडत नाही. इंडियन हिस्टरी काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १९३५ साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात भरलं, तेव्हापासून निबंधवाचनाचीच परंपरा. दस्तऐवजातलं एखादं वाक्य शब्दशः द्यायचं असतं, तिथे उत्स्फूर्तपणा धोक्याचा. फक्त वाचायचं असेल तर बोलण्यासाठी वेगळं लिहावं लागतं. छापायचा निबंध वाचला की श्रोता दुसऱ्या तळटीपेत दगावतो. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा, वाक्यं आखूड ठेवा.

---

डॉ_भूलभुलैया | शुक्रवार, सकाळी ६.४०

मधला मार्ग सांगतो, मीही मराठी माध्यमवालाच. पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन एवढीच तोंडपाठ करा, झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. मधलं पाठ नाही करायचं. प्रत्येक स्लाइडचा माथा हेच आठवणीचं खुंटाळं. म्युनिकच्या मावशींची पद्धत इथे दुहेरी कामाला येते: अडकलात तर वर बघून माथा वाचा, वाक्य तयारच आहे.

आणि तालीम मोठ्याने करा, उभं राहून. मनातल्या मनात केलेली तालीम नेहमी वेळेत संपते. उच्चाराची फार चिंता नको. हैदराबादला समोर तेलुगू, तमीळ, बंगाली सगळे असणार, प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या घरचं असतं. सावकाश बोललं की सगळ्यांना कळतं.

---

नागपुरी_संत्रं | शुक्रवार, सकाळी ११.३०

आन् ते प्रश्नवाले काका? त्याइचं कोनी सांगितलंच नाही. प्रत्येक हॉलमंदी एक असतेच. माइक हातात घेते, आन् "माझा प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे" म्हनून तीन मिनिटाइत स्वतःचाच पेपर वाचून टाकते.

---

खडूफळा | शुक्रवार, दुपारी १२.१०

ते काका मी आहे. (होतो. सुधारलो.)

उपाय सोपा आहे. "तुमचं काम मला वाचायला आवडेल, जेवताना भेटू" म्हणायचं आणि लगेच दुसऱ्या कोपऱ्याकडे बघून "आणखी कुणाचा प्रश्न?" काकांचा मान राहतो, वेळही वाचतो. खरा प्रश्न आला तर मात्र आधी तो माइकवर आपल्या शब्दांत पुन्हा सांग. मागच्यांना ऐकू येतं आणि तुला विचार करायला पाच सेकंद मिळतात. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण. परीक्षक म्हणून सांगतो, ठोकून दिलेलं उत्तर पहिल्या चार शब्दांत ओळखू येतं.

---

दुधावरची_साय | शुक्रवार, दुपारी ३.००

एवढी खटपट कशाला? एआयला पेपर द्या, दोन मिनिटांत स्लाइड तयार.

---

बेळगावकर | शुक्रवार, दुपारी ३.२५

करून बघितलंय. स्लाइड देखण्या होतात, प्रत्येकीवर तीन गोंडस चौकोन. आमच्या व्हॉल्व्हच्या तक्रारींचे पण तीन चौकोन केले, चौथी तक्रार महत्त्वाची होती ती गेली. खरी मेहनत काय ठेवायचं यात आहे, ती या पोरीने मामेभावाला एक फोन करून केली.

(हो, मी मागच्या दाराने पूर्ण आत आलोय. उपग्रह, हसू नका.)

---

घाटमाथा | रविवार, रात्री १०.०५ (महिन्याने)

धागा वर काढतेय. परवा झालं एकदाचं. वृत्तांत देणं लागते.

माइकटेस्टिंग दादा, तुम्ही ज्योतिषी आहात का? उद्घाटन पाऊण तास लांबलं. आमच्या सत्राला अध्यक्ष म्हणाले, प्रत्येकी आठ मिनिटं. माझ्या आधीच्या मुलाने सव्वीस स्लाइड होत्या तशाच पळवल्या, शेवटी त्याला स्वतःलाही दिसत नव्हत्या. मी चहाच्या सुट्टीत फाइल लावून बघितली होती (तिथले दादा इतके खूश झाले की मला एक जादा बिस्किटाचा पुडा दिला). कागदावर नंबर लिहिलेले होते. यंत्रांची माहिती देणाऱ्या तीन स्लाइड सोडून सरळ सातवर गेले.

पहिली तीन वाक्यं पाठ होती, ती आली. चौथ्यावर जीभ अडखळली. "इन्फिल्ट्रेशन" चे चार अक्षरांत सहा तुकडे झाले. वर बघितलं, माथ्यावर वाक्य होतंच. ते वाचलं आणि गाडी रुळावर. एका उताराची एक रात्र दाखवली: पावसाची निळी रेघ पहाटे खाली येते आणि दाबाची रेघ वर चढत राहते. तिथे बी दाबलं. पडदा काळा. खरंच सगळ्यांनी वर बघितलं. मग म्हणाले, पाऊस थांबला म्हणून रस्ता उघडू नका.

चूक पण सांगते. दुसऱ्या एका आलेखात लाल आणि हिरव्या रेघा होत्या. त्या प्रोजेक्टरवर दोन्ही तपकिरी दिसल्या. एक जण नंतर भेटून म्हणाला, "मॅडम, प्रोजेक्टर चांगला असता तरी मला दिसल्या नसत्या, मला लाल-हिरवा फरक कळत नाही." इतक्या सूचनांमध्ये हे कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. पुढच्या वेळी एक रेघ तुटक आणि दुसरी अखंड काढणार, शिवाय नाव रेघेच्या शेजारीच लिहिणार.

आणि प्रश्न. पहिले टिप्पणीवाले काका, खडूफळा सरांच्या मंत्राने शांत झाले. मग मागून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले, घाटरस्त्यांच्या देखभालीचं काम करणारे. म्हणाले, "बाकी सगळं समजलं. किती तास थांबायचं ते सांगा." मामेभावाचाच प्रश्न, इंग्रजीत! मी माइकवर तो पुन्हा सांगितला आणि म्हणाले, दोन पावसाळ्यांच्या नोंदींवरून आकडा सांगणं मला बरोबर वाटत नाही, थरांची जाडी जागोजागी बदलते. तुमच्या घाटात यंत्रं लावू द्याल तर शोधू. त्यांनी तिथेच कार्ड काढलं. जानेवारीत जागा बघायला जातोय.

आमचे सर काही बोलले नाहीत. परत येताना विमानतळावर म्हणाले, त्यांच्या पुढच्या भाषणाच्या स्लाइड जरा बघशील का. बावन्न आहेत.

---

म्युनिकची_मावशी | रविवार, रात्री ११.००

शाब्बास गं! लाल-हिरव्याचं मी सांगायला हवं होतं, आमच्या ऑफिसात दोघे जण तसे आहेत. माझीच चूक.

---

घोडनदी | सोमवार, सकाळी ७.४०

जानेवारीत जागा बघून झाल्यावर इथे कळवा.

---

तिरकस | सोमवार, सकाळी ९.१०

सगळं ठीक, पण हैदराबादला जाऊन आलात आणि बिर्याणीवर एक ओळ नाही?

---

घाटमाथा | सोमवार, सकाळी ९.२५

रांगेत माझ्या पुढे ते टिप्पणीवाले काका होते. "जेवताना भेटू" म्हणाले होते ना मी. माझं ताट निवलं, त्यांचं १९८७ सालचं धरण अजून बांधून व्हायचंय.